ट्रेनिंग आखायचं तर आधी लाइनवर जा

नागपूरजवळचं हिंगणा असो की बुटीबोरी, जानेवारी आला की बहुतेक कारखान्यांच्या एचआरमध्ये एकच काम चालतं. मागच्या वर्षीच्या ट्रेनिंग कॅलेंडरची एक्सेल फाइल उघडायची, वरचं साल बदलायचं, ‘5 एस’ (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), ‘सेफ्टी’, ‘टीम वर्क’, ‘टाइम मॅनेजमेंट’ हे विषय बारा महिन्यांत पसरवायचे आणि प्लांट हेडची सही घ्यायची. ऑडिटरचं समाधान होतं, फाइल जाडजूड दिसते आणि प्रेसवरचा माणूस काल जसं काम करत होता तसंच उद्याही करतो.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये ट्रेनिंगचं काम पाहते. ट्रॅक्टरला लागणारे पत्र्याचे पार्ट आम्ही बनवतो. पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या प्रेस, थोडं वेल्डिंग, पेंट शॉप, डिस्पॅच, एवढा पसारा. तुमचा कारखाना वेगळा असेल, पण आखणीचा क्रम तोच राहतो. काम कुठे बिघडतं ते आधी शोधायचं, ते काम कोणाला येतं आणि कोणाला नाही हे लिहून काढायचं, मग शिकवणारा तयार करायचा. तारखा सगळ्यात शेवटी.

खरंच ट्रेनिंग लागतं का?

गेल्या तीन महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर, मेंटेनन्सचं ब्रेकडाउन रजिस्टर आणि फर्स्ट एडचं रजिस्टर घेऊन बसा. आकडे मशीनप्रमाणे आणि शिफ्टप्रमाणे वेगळे काढा, कारण महिन्याचा एकूण टक्का पाहून काहीच कळत नाही. एकाच पार्टचं रिजेक्शन फक्त नाइटला वाढत असेल तर प्रश्न वेगळा, तिन्ही शिफ्टना सारखंच असेल तर वेगळा.

आमच्याकडे कायम येणारी तक्रार म्हणजे बर. पत्रा कापल्यावर कडेला जी धारदार कोर राहते ती. बर वाढली की मीटिंगमध्ये कोणीतरी लगेच म्हणतं, ‘ऑपरेटरला ट्रेनिंग द्या.’ आता बर वाढते कशाने? पंच (वरून दाबून पत्रा कापणारा भाग) आणि डाय (खालचा साचा) यांची धार बोथट झाली, नाहीतर दोघांमधली फट बिघडली म्हणून. माइल्ड स्टीलसाठी ही फट एका बाजूला पत्र्याच्या जाडीच्या साधारण 5 ते 10 टक्के ठेवतात. ऑपरेटरला दहा वेळा वर्गात बसवलं तरी डायला धार येत नाही; ती टूल रूममध्ये ग्राइंडिंगलाच गेली पाहिजे. पण बर वाढू लागली हे पन्नासाव्या नगाला ओळखायचं की पाच हजाराव्या, आणि ओळखल्यावर प्रेस थांबवून कोणाला हाक मारायची, हे मात्र ट्रेनिंगचं काम आहे. दोष एकच, त्यातला अर्धा वाटा टूल रूमचा आणि अर्धा तुमचा. हे वाटे वेगळे केले नाहीत की टूल रूमचं पाप ऑपरेटरच्या माथी बसतं.

म्हणून प्रत्येक दोषापुढे एक प्रश्न विचारा: हाच माणूस हेच काम कधीतरी बरोबर करतो का? दिवसपाळीला बरोबर करतो आणि रात्री चुकतो, तर त्याला ते येतंच आहे. मग तिथला उजेड पाहा, गेज (नग तपासायचं मापाचं साधन) हाताशी असतं की इन्स्पेक्टरच्या कपाटात, रात्री सेटर (प्रेसवर डाय बसवणारा) असतो का, टार्गेट इतकं चढं आहे का की पहिला नग तपासायला सवडच मिळत नाही, हे पाहा. यातलं काही ट्रेनिंगने सुटत नाही, आणि तसं स्पष्ट लिहून वर पाठवायची तयारी ट्रेनिंगवाल्याने ठेवावी. प्रॉडक्शनला ते आवडत नाही. न आवडू दे.

मग लाइनवर जाऊन उभे राहा. एक अख्खी शिफ्ट, आणि शिफ्ट बदलतानाची वेळ तर मुळीच चुकवू नका. जाणारा माणूस येणाऱ्याला काय सांगतो, किंवा काहीच न सांगता बसकडे कसा पळतो, यातून जे कळतं ते कुठल्याही ‘ट्रेनिंग नीड’ फॉर्मवर लिहून येत नाही. ते फॉर्म सुपरवायझर एका बैठकीत भरतो आणि सगळ्यांपुढे ‘कम्युनिकेशन स्किल’ लिहून मोकळा होतो.

कोणाला काय येतं, हे खरं लिहा

यासाठी स्किल मॅट्रिक्स लागतो. डाव्या बाजूला माणसं, वरच्या ओळीत कामं आणि प्रत्येक चौकोनात आय, एल, यू किंवा ओ. आय म्हणजे आत्ताच शिकतोय, एल म्हणजे कोणी जवळ असेल तर करतो, यू म्हणजे एकटा करतो, ओ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. अक्षराला एकेक रेघ वाढत जाते आणि चौकोन पूर्ण होतो, म्हणून ही अक्षरं. बऱ्याच ठिकाणी चार भागांचं वर्तुळ काढून एकेक भाग काळा करतात, तेही चालतं.

कामाचं नाव नेमकं हवं. ‘प्रेस ऑपरेशन’ असं लिहिलं की सगळ्यांना यू मिळतो. ‘मोठ्या प्रेसवर डाय बसवणे’, ‘पहिला नग तपासून सही करणे’, ‘कॉइल (पत्र्याची गुंडाळी) लोड करणे’ असं लिहिलं की खरं चित्र दिसायला लागतं. आणि हा मॅट्रिक्स केबिनमध्ये भरायचा नाही. सुपरवायझरला घेऊन मशीनपाशी जायचं, ‘करून दाखव’ म्हणायचं आणि तिथेच अक्षर लिहायचं. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात भरलेले मॅट्रिक्स मी पाहिलेत. त्यात अख्खा कारखाना यू असतो.

भरून झाला की उभं वाचा, म्हणजे एकेका कामाची रांग. माझा नियम असा: ज्या कामात चूक झाली तर हात जाऊ शकतो किंवा गिऱ्हाइकाकडून माल परत येऊ शकतो, त्या कामाला प्रत्येक शिफ्टमध्ये निदान दोन यू आणि कारखान्यात निदान एक ओ. जिथे एकच यू आहे आणि तो पुढच्या वर्षी रिटायर होतोय, तिथे तुमच्या वर्षाचा पहिला विषय आपोआप ठरला.

ठेकेदाराची माणसं याच मॅट्रिक्समध्ये घ्या. ‘ते आपल्या रोलवर नाहीत’ हे उत्तर मला पटत नाही, कारण प्रेससमोर तीच उभी असतात. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच होता, आणि 1987 च्या दुरुस्तीने त्यात कलम 111 अ आलं, ज्यात आरोग्य आणि सुरक्षिततेचं प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिला गेला. कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब सरळ आहे. अपघाताला रोल कळत नाही. अप्रेंटिसही यातच घ्यावे. ठेकेदाराची माणसं धरून 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घेणं भागच असतं, मग त्यांना वर्षभर फक्त ट्रॉली ढकलायला का ठेवायचं?

काम फोडून लिहिणं

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम चालला, 1940 ते 1945. जाणते कारागीर सैन्यात गेलेले, नवखी माणसं कारखान्यात आलेली, आणि त्यांना पटकन तयार करायचं होतं. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी ती धरून ठेवली. तिचा गाभा एका कागदावर मावतो. तीन रकाने आखा: पायरी, कळीचा मुद्दा, कारण. कळीचा मुद्दा म्हणजे तो, ज्याने काम साधतं किंवा बिघडतं, ज्याने इजा होऊ शकते, किंवा ज्याने काम सोपं होतं. बाकी काही त्या रकान्यात लिहायचं नाही.

आमच्या डाय बसवण्याच्या कागदातले तीन मुद्दे सांगते.

पायरी: बोल्स्टर (डाय जिच्यावर बसते ती प्रेसची जाड प्लेट) साफ करणे. मुद्दा: कपड्याने पुसून वरून ऑइल स्टोन फिरवायचा. कारण: पत्र्याची बारीक कपची जरी डायखाली राहिली तरी डाय तिरपी बसते, एका बाजूची फट कमी होते आणि बर एकाच कडेला येते.

पायरी: रॅमखाली (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) हात घालण्याआधी प्रेस थांबवणे. मुद्दा: मेन स्विच बंद, कुलूप आपलं, किल्ली आपल्या खिशात, फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) पूर्ण थांबू द्यायचं आणि मग सेफ्टी ब्लॉक (रॅम खाली येऊ नये म्हणून मधे ठेवायचा ठोकळा) लावायचा. कारण: स्विच बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं, आणि त्याच्यातल्या जोरावर एक स्ट्रोक सहज पडू शकतो.

पायरी: क्लॅम्प (डाय दाबून धरणारी पट्टी) लावणे. मुद्दा: बोल्ट डायच्या जवळ, आणि मागचं पॅकिंग, म्हणजे क्लॅम्पच्या दुसऱ्या टोकाखालचा आधार, डायच्या पाट्याच्या उंचीइतकं किंवा किंचित जास्त. कारण: बोल्ट लांब गेला किंवा पॅकिंग कमी पडलं की दाब डायवर नीट येत नाही, आणि चालू प्रेसमध्ये डाय सरकते.

हा तिसरा मुद्दा आम्हाला कुठल्याही मॅन्युअलमधून मिळाला नाही. आमचे जुने सेटर काका तो नकळत करायचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘याच्यात शिकवासारखं काय आहे मॅडम, पोरगं पाहून पाहून शिकते.’ तेव्हा मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढला आणि नंतर चहा घेत, एकेक ठिकाणी थांबवून ‘इथे असं का केलं?’ एवढंच विचारलं. पहिल्यांदा उत्तर येतं, ‘असंच करतात.’ दुसऱ्यांदा विचारलं की खरं कारण बाहेर येतं. जाणत्या माणसाकडून शिकायचं तर त्याला ‘कसं’ विचारून फार काही मिळत नाही, ‘का’ विचारावं लागतं.

कागद मराठी आणि हिंदी दोन्हीत ठेवा. आमच्या लाइनवर भंडारा-गोंदियाची पोरं आहेत, तशीच छिंदवाडा-बालाघाटची आणि छत्तीसगडचीही. दोन्ही भाषांची लिपी एकच असल्याने छपाईची अडचण नाही. इंग्रजीतला वर्क इन्स्ट्रक्शन मशीनवर टांगून काय साधतं ते मला अजून कळलेलं नाही. तो गिऱ्हाइकाच्या ऑडिटरसाठी असेल तर ऑडिटरच्या फाइलमध्ये ठेवा. आणि जिथे जमेल तिथे वाक्याऐवजी फोटो: बरोबर क्लॅम्प, चुकीचा क्लॅम्प, शेजारी शेजारी.

शिकवणारा कोण?

उत्तम कारागीर उत्तम शिकवतोच असं नाही. काहींचा हात भराभर चालतो आणि तोंड चालत नाही. काहींना वाटतं सगळं सांगितलं तर आपली किंमत कमी होईल. ही दुसरी भीती खोटी नाही, म्हणून तिला तोंड द्या: शिकवणाऱ्याला महिन्याचा छोटा का होईना अलाउन्स, आणि ज्या दिवशी तो शिकवतो त्या दिवशी त्याचं प्रॉडक्शन टार्गेट कमी. ही दुसरी गोष्ट पैशापेक्षा महत्त्वाची. टार्गेटही पूर्ण कर आणि पोरालाही शिकव म्हटलं की पोरगं बाजूला उभं राहून फक्त पाहत राहतं.

शिकवायची रीत ठरलेली हवी, ती त्याच युद्धकाळच्या कार्यक्रमातून आलेली. आधी समोरच्याला मोकळं करा आणि त्याला आधीपासून काय येतं ते विचारा. मग तीनदा करून दाखवा: पहिल्यांदा फक्त पायऱ्या बोलत, दुसऱ्यांदा कळीच्या मुद्द्यांसह, तिसऱ्यांदा कारणांसह. मग त्याला करू द्या, आणि करताना त्याच्या तोंडून मुद्दे आणि कारणं येऊ द्या. शेवटी त्याला एकटं सोडा, पण अडलं तर कोणाला विचारायचं ते नाव सांगून; सुरुवातीला तासा-दोन तासांनी फेरी मारा, पुढे कमी करत जा. एका वेळी एक माणूस, फार तर दोन. वीस जणांना प्रोजेक्टरवर डाय बसवणं शिकवता येत नाही.

बाहेरचा ट्रेनर बोलवायचाच असेल तर मेजरिंग इन्स्ट्रुमेंट, वेल्डिंग, हायड्रॉलिक्स अशा विषयांना बोलवा, आणि आदल्या दिवशी त्याला तुमच्या लाइनवरून फिरवून आणा. प्रेरणादायी व्याख्यानांवर मी खर्च करत नाही.

आता तारखा

नागपूरचं वर्ष पुण्या-मुंबईच्या कॅलेंडरवर बसत नाही. जानेवारी-फेब्रुवारी सोन्यासारखे, हवा थंड, हजेरी भरपूर. जे काही वर्गात शिकवायचं आहे, व्हर्नियर वाचणं, ड्रॉइंग वाचणं, ते याच दोन महिन्यांत उरकावं. 4 मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन, त्याला लागून सप्ताह. पोस्टर आणि शपथेपलीकडे जाऊन त्या आठवड्यात प्रत्येक मशीनचा इमर्जन्सी स्टॉप ऑपरेटरकडून दाबून घ्या. चालतो का तेही कळतं.

14 ते 20 एप्रिल अग्निशमन सप्ताह, 1944 मधल्या मुंबई गोदीच्या स्फोटाच्या आठवणीचा. पण 14 एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, त्या दिवशी नागपुरात मॉक ड्रिल ठेवणाऱ्याला शहर माहीत नाही असं म्हणावं लागेल. सप्ताहातला दुसरा दिवस घ्या आणि तोही सकाळी. दुपारच्या उन्हात असेंब्ली पॉइंटवर दोनशे माणसं उभी केलीत तर खरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी लागेल.

मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि टिनाच्या शेडमध्ये माणूस शिकण्याच्या स्थितीत नसतो. त्यात लग्नसराई. या महिन्यात फक्त सकाळच्या शिफ्टच्या पहिल्या तासात, वीस मिनिटांचं, मशीनपाशी. विषयही ऋतूचेच घ्या: उष्माघाताची लक्षणं, पाणी, पेंट शॉप आणि वेल्डिंगवाल्यांची पाळी बदलणं. जूनमध्ये पाऊस पडला की काटोल, उमरेड, सावनेरकडची माणसं पेरणीला जातात. जुलैचा उत्तरार्ध ते पोळा पुन्हा बरा काळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, त्या दिवशी काही ठेवू नका. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लोटणाऱ्या गर्दीत आपल्याकडचे कितीतरी लोक असतात, काही सेवेलाही असतात. मागे सोयाबीनची कापणी लागलेली आणि ट्रॅक्टरची मागणी नेमकी दसरा-दिवाळीला चढलेली, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये कोणी माणूस सोडत नाही. तिथे रकाना कोरा ठेवा. कोरा रकाना दाखवायची लाज वाटण्याचं कारण नाही.

दिवसातली वेळही महत्त्वाची. शिफ्ट सुटल्यावर ट्रेनिंग ठेवू नका. बुटीबोरीहून शहरात यायला 25-30 किलोमीटर, कंपनीची बस कोणासाठी थांबत नाही. हिंगण्याच्या माणसाला लोकमान्य नगरची मेट्रो गाठायची असते. त्याचं लक्ष घड्याळाकडे. डाय बदलायला प्रेस बंद असते तेव्हाचा वेळ, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचा दिवस, कच्चा माल उशिरा आल्याने रिकामी बसलेली लाइन, या जागा शोधा. शेवटच्या प्रकारासाठी वीस-वीस मिनिटांचे चार-पाच विषय कायम तयार ठेवावेत, कारण अशी वेळ सांगून येत नाही.

शिकलं की नाही, हे कसं कळेल?

ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकांनी 1959 मध्ये मांडल्या: आवडलं का, शिकलं का, कामात उतरलं का, कंपनीला फरक पडला का. आपल्याकडे बहुतेक जण पहिल्या पायरीवरच थांबतात, ‘ट्रेनिंग कसं वाटलं’ या फॉर्मवर. त्या दिवशी समोसा चांगला असेल तर सगळे ‘एक्सलंट’ लिहितात. आयएसओ 9001 या गुणवत्ता मानकाच्या 7.2 कलमात ट्रेनिंगची परिणामकारकता तपासा म्हटलंय, ते या फॉर्मने भागत नाही.

तपासणीच्या कामासाठी माझी आवडती परीक्षा वीस नगांची आहे. काही चांगले, काही सदोष, काही अगदी काठावरचे. मागच्या बाजूला मार्करने नंबर. माणसाला गेज द्या आणि दोन ढीग करायला सांगा. दुसऱ्या दिवशी क्रम बदलून तेच नग पुन्हा द्या. खराब नग पास केला तर तो गिऱ्हाइकाकडे जाणार, चांगला नग फेकला तर पैसा भंगारात, दोन्ही मोजा. आणि कालचा निकाल आज बदलला का तेही मोजा. ही परीक्षा ऑपरेटरला देण्याआधी तुमच्या दोन इन्स्पेक्टरांना द्या. त्यांचंच आपसात जुळलं नाही, तर ऑपरेटरला शिकवण्याआधी काठावरच्या नगांचे नमुने ठरवून, सह्या करून लाइनवर ठेवावे लागतील.

डाय बसवण्यासारख्या कामाला लेखी पेपर नकोच. कागद हातात घेऊन समोर उभे राहा, त्याला करू द्या, सुटलेला मुद्दा नोंदवा. महिन्याने पुन्हा, न सांगता. तीन महिन्यांनी त्या मशीनचं रिजेक्शन रजिस्टर काढा आणि आधीच्या तीन महिन्यांशी लावून पाहा. मात्र मधल्या काळात डाय ग्राइंड झाली असेल, पत्र्याचा सप्लायर बदलला असेल, तर सगळं श्रेय ट्रेनिंगला घेऊ नका.

मॅट्रिक्स पेन्सिलनेच भरलेला बरा. दिवाळी, कापणी किंवा घरच्या लग्नासाठी लांब सुट्टीवर जाऊन आलेला माणूस, दोन महिने दुसऱ्या लाइनवर दिलेला माणूस, किंवा ज्याची डाय या काळात बदलली तो माणूस, यांचा यू परत आल्याच्या दिवशी खोडून एल करा. पहिली सेटिंग शिकवणाऱ्यासमोर करून घ्या, बरोबर आली की त्याच शिफ्टला यू परत द्या. कोणाचा अपमान होत नाही, फक्त नियम सगळ्यांना सारखा हवा, सुपरवायझरच्या भाच्यालाही. नोंद एका ओळीची: तारीख, मशीन, डाय नंबर, कोणासमोर केलं, आणि दोघांच्या सह्या.